चंद्रावतीच्या पोटातला चिमटा

मी चिमटा बोलतोय. चुलीपाशी असतो तो नव्हे हो. ऑपरेशनचा, रक्त थांबवायला धरतात तो. अस्सल पोलाद. त्र्याऐंशी साली पेणकडच्या एका प्रसूतिगृहात मी कामाला होतो. एका दुपारी चंद्रावती नावाच्या पोरीचं पोट फाडून बाळ काढलं, आणि डॉक्टरांना जेवायची घाई, त्यांनी मला आतच ठेवून टाके घातले.

तेरा वर्षं मी तिथंच. मिठागरावर ती पाटी उचलायला वाकली की मी टोचायचो. मला काय हौस होती? सासू म्हणायची, गॅस झालाय, आणि ओवा द्यायची. ओव्यानं मी विरघळतोय, कपाळ माझं! शेवटी शहाण्णव साली एक्स-रे काढला, तेव्हा मी दिसलो.

त्याच वर्षी रोह्याला सरकारी कक्ष उघडला होता, बाळंतपणाच्या जुन्या ऑपरेशनांत इजा झालेल्या बायांसाठी. मंजुरी मिळाली की मला काढणार होते आणि चूक कोणाची तेही लेखी देणार होते. तिला तेवढंच हवं होतं. नवऱ्याला, कान्हूला घेऊन ती कासू स्टेशनात रोह्याच्या गाडीत बसली.

कक्षातले कारकून हैबतराव. त्यांनी कागद पाहून चष्मा पुसला.

"बाई, चिमटा राहिलाय चंद्रावतीच्या पोटात. तुम्ही तर सरू. तुमच्याकडे कसा आला?"

आता पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बापानं दवाखान्यात माहेरचंच नाव सांगितलेलं. सरू हे सासरचं.

"लग्नात बदललं नाव," कान्हू म्हणाला.

"पुरावा?"

"ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं व्हतं."

"मग ते ताट हजर करा."

"तांदूळ खाल्लं, साहेब."

हैबतरावांनी शेरा मारला: मूळ दस्तऐवज अर्जदाराने खाल्ला. चंद्रावतीस हजर करावे.

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला बाकावरून उठताना मी असा टोचलो की ती मटकन खालीच बसली. कान्हूला ते बघवलं नाही.

चौथ्या खेपेला त्यानं पिशवीतून ताट काढलं, टेबलावर तांदूळ पसरले आणि म्हणाला, "साहेब, जरा तुमची अंगठी द्या." हैबतरावांनी गोंधळून दिली. कान्हूनं हळूहळू अक्षरं काढली.

"आजपासून तू चंद्रावती गो. घ्या साहेब, हजर हाय."

हैबतरावांनी ताटावर वाकून अक्षरं दोनदा वाचली. मग त्यांनी रीतसर पंचनामा केला आणि मूठभर तांदूळ पाकिटात घालून फाइलीला टाचले. वर बजावलं, "हे तरी खाऊ नका."

आठवड्यानं मला काढलं. जिच्या पोटात तेरा वर्षं राहिलो, तिचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

"आता परत सरू म्हणू?" कान्हूनं विचारलं.

"नाय. ह्याच नावाला कापलंय, ह्याच नावानं कागद घेईन."

सध्या मी हैबतरावांच्या कपाटात असतो, लाखेनं बंद केलेल्या पिशवीत. नोंद अशी आहे: चिमटा, नग एक, सापडलेली वस्तू. चूक कोणाची, तो रकाना कोरा. दर सोमवारी चंद्रावती येते, आता ताठ चालत येते, आणि तो रकाना भरायची वाट बघत समोरच्या बाकावर बसते.

त्या कक्षात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर एवढं सांगा. मी सापडलो नाही, कारण मी हरवलोच नव्हतो. मला आत ठेवून शिवलं होतं. तसं लिहा, म्हणजे ती घरी जाईल.