साहेबांचं वजन

मुक्या जिवाची सेवा हाच खरा धर्म, असं धोंडीराम अहिरे मानत. २००३ साली गंगापूर रोडच्या आपल्या घरातून त्यांनी तो फोनवर पाळला.

मुका जीव म्हणजे कासव. मुलगी प्रतिभा लग्न होऊन सासरी गेली, तिचं कासव माहेरीच राहिलं. नाव साहेब, कारण कागद पुढे केला की मान आत. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं धोंडीरामांनी असेच साहेब पाहिले होते.

सोमवारी सकाळी मोरीतल्या टबात साहेबांभोवती पांढरे, लांबट जंत तरंगताना दिसले. दिवाळीला प्रतिभा येणार होती आणि चप्पल काढायच्या आधी कासव बघणार होती. तिच्या आईला, सुलाबाईंना, चहा गोड लागेना.

धोंडीरामांनी सटाण्याला चुलतभावाला, डॉक्टर पुंजारामांना फोन लावला. ते गुरांचे डॉक्टर.

"साहेबाला जंत झालेत."

"साहेब? बरं नाव ठेवलं, आप्पा. वजन?"

"चारशे."

"लय पोसलाय. खातो का?"

"पाला खायचा. कालपासून तोंड लावत नाही."

"आयव्हरमेक्टिन टोचा. पन्नासाला एक मिली. तुमच्याला आठ."

आप्पांच्या मखमलाबादच्या मळ्यात बैल आहेत, एवढंच पुंजारामांना ठाऊक. आणि विचारलं तेवढंच सांगायचं, ही आप्पांची नोकरीतली शिस्त.

दुपारी बाटली आली, सुई आली. आठ मिली भरल्यावर सिरिंज साहेबांपेक्षा लांब दिसू लागली.

"अहो, एवढं त्याच्यात मावेल कुठं?" सुलाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर तू की तो?"

साहेबांनी मान, पाय, शेपूट, सगळं आत घेतलं. आता टोचायचं कुठं, हे विचारायला सुलाबाईंनीच फोन लावला.

"भाऊजी, कवचातून सुई जाते का?"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"वहिनी, कासव शे का ते?"

"हो."

"चारशे..."

"ग्रॅम."

"सुई खाली ठेवा. आठ मिली सोडा, त्या औषधाचा थेंबही कासवाला नको. लुळं पडून मरतं. पाल, साप, कासव, सगळ्यांना एकच औषध चालत नाही."

"मग जंत?"

"आधी बघू द्या. डबीत घालून पाठवा."

मंगळवारी धोंडीराम स्वतः फोटोच्या रोलची डबी घेऊन सटाण्याच्या एसटीत बसले. डबी दोन्ही हातांत धरली होती. शेजारच्या माणसाने विचारलं, "अंगारा का?" त्यांनी मान हलवली.

पुंजारामांनी डबीतला ऐवज काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकातून पाहिला, मग नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

"आप्पा, रविवारी घरी काय केलं होतं?"

"खीर. मला साखरेची बंदी आहे, म्हणून वाटी मीच मोरीतल्या टबात गुपचूप विसळली."

पुंजारामांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं : शेवया, शिजलेल्या.