दोन बोटांचं पाणी

माझी गिऱ्हाइकं माझा सख्खा भाऊ फोडतोय, अशी माझी खात्री झाली त्याला कारण होतं. आधी आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, फुटले. आमचं दाढी-कटिंगचं दुकान लहान, खुर्च्या दोन: डावी माझी, उजवी धाकट्याची. त्या दिवशी माझी खुर्ची मोकळी असताना मास्तर बाकावर पेपर वाचत बसून राहिले आणि धाकटा रिकामा झाल्यावर त्याच्याकडे गेले. मी विचारलं, तर म्हणाले उजवीकडे उजेड बरा पडतो. दाढी करून घेणाऱ्याला उजेड कशाला लागतो? तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

दाढीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही. वडील म्हणायचे, निम्मी दाढी पाण्यानेच होते. गार पाण्याने केस ताठ राहतात आणि वस्तरा ओढत जातो. कढत पाण्याने कातडी लालबुंद होते आणि मग साबणही झोंबतो. पाणी बघायची त्यांची रीत सोपी होती. दोन बोटं वाटीत बुडवायची. बाहेर काढावीशी वाटली, तर पाणी फार गरम. शिरशिरी आली, तर गार. आणि बोटं पाण्यात आहेत हेच विसरायला झालं, तर पाणी बरोबर. मी अजून तसंच बघतो. हल्ली तर माझं पाणी पहिल्या खेपेलाच बरोबर येतं.

मग गिऱ्हाइकं जातात का? मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. विजेची किटली दोन खुर्च्यांच्या मधे असायची, ती धाकट्याने आपल्या बाजूला सरकवली होती. म्हणे, वायर पुरत नाही. इतकी वर्षं बरी पुरत होती. त्यात मी गिऱ्हाइकाला टॉवेल गुंडाळायला वळलो, की हा काहीतरी निमित्त काढून माझ्या फळीपाशी यायचा. कधी कंगवा हवा, कधी तुरटी. स्वतःची तुरटी काय खाल्ली होती याने?

घरी बायकोला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बोलता बोलता मी शेगडीवरचं दुधाचं पातेलं उतरवलं, तशी ती सांडशी घेऊन धावली. मी म्हटलं, अगं, कामाचे हात आहेत, निबर झालेत. त्यावर तिचं नेहमीचं सुरू झालं. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तर मी चहातली तेवढी सोडली आणि बिस्किटं चालूच ठेवली. एकदा जाऊन दाखवून या. इथे विषय भावाचा चाललाय आणि ही बिस्किटांवर घसरली. हिलाही त्याने आपल्या बाजूला वळवलं की काय, अशी शंका मला येऊन गेली.

शेवटी मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. सकाळी समोरच्या दुकानातले घड्याळवाले दाढीला आले. तेवढे एकच माझ्या खुर्चीला धरून राहिले होते. मी वाटीत पाणी ओतलं, बोटं बुडवून बघितलं, बरोबर होतं. वाटी फळीवर ठेवली आणि टॉवेल झटकायच्या मिषाने पाठ फिरवली. आता आमच्या दुकानात मागच्या भिंतीलाही आरसा आहे, हे घरचा माणूस विसरतो. धाकटा आला. त्याने लोटीतलं गार पाणी माझ्या वाटीत ओतलं, करंगळीने ढवळलं आणि साळसूदपणे वळला.

मी त्याचं मनगट धरलं. रागापेक्षा मला वाईटच जास्त वाटलं. वस्तरा कसा धरायचा हे त्याला मी शिकवलं होतं, माझ्या स्वतःच्या गालावर.

"माझ्या पाण्यात गार पाणी घालतोस? गिऱ्हाईक तोडायला?"

घड्याळवाले छताकडे बघायला लागले. धाकट्याने हात सोडवून घेतला नाही. मला वाटलं, थापा मारेल. तो नुसतं म्हणाला, "दादा, खुर्चीत बस."

घड्याळवाले उठले आणि बाकावर गेले. मी घुश्शातच बसलो. त्याने वाटी ओतून टाकली, किटलीतून नवं पाणी घेतलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. बघ म्हणाला. मी दोन बोटं बुडवली. थोडं थांबलो. बोटं विसरलो.

"बरोबर आहे."

त्याने त्याच वाटीत ब्रश बुडवला आणि माझ्या गालाला लावला.

मी ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं, गालावर निखारा टेकवावा तसं झालं. समोर आरशात पाहिलं, तर एका हाताने मी गाल धरला होता आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं अजून वाटीतच होती. लालभडक झालेली. मी ती काढून घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मास्तरांना भाजलं तेव्हापासून," धाकटा म्हणाला. "ते म्हणाले, दादाला सांगू नकोस, मी आपला तिकडे बसतो."

बाकावरून घड्याळवाले म्हणाले, "वहिनीही माझ्याजवळ काळजी बोलून दाखवत होत्या." म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि मी एकटा पहारा देत होतो.

घड्याळवाले पुन्हा माझ्याच खुर्चीत येऊन बसले. या म्हटलं नव्हतं तरी बसले. धाकट्याने बेताचं गरम पाणी घेऊन वाटी माझ्यापुढे ठेवली. सवयीने माझी बोटं पुढे गेली. मी ती मागे घेतली आणि तसाच ब्रश बुडवला. फेस चांगला चढला. मग मी वस्तरा उचलला. मूठ बोटांत नीट बसली आहे की नाही, हे मला खाली बघितल्यावर कळलं. घड्याळवाल्यांनी डोळे मिटून मान वर केली होती.

मी वस्तरा धाकट्यापुढे धरला. तो घेईना. मी तसाच धरून राहिलो, तेव्हा त्याने घेतला.

"आज पाणी अगदी बरोबर आहे, दादा," डोळे न उघडताच घड्याळवाले म्हणाले.

"धाकट्याचं आहे," मी म्हटलं आणि टॉवेल घेऊन बाजूला उभा राहिलो.