आठ डबे आणि एक बदक

चार वाजेपर्यंत चूक सापडली नाही, तर सुनेला पंधरा दिवस परगावी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन बसावं लागणार होतं, आणि तिची ठमी अजून नऊ महिन्यांची होती.

सून नेटवर्क कार्डासाठी प्रोग्राम लिहायची. तारेतून आलेली माहिती कार्ड मेमरीत नेऊन ठेवतं. कुठे ठेवायची, ते आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून त्याला कळतं. हे कार्ड मात्र मधूनच भलत्या जागी माहिती ओतून मोकळं व्हायचं. सकाळपासून डोकं आपटूनही कारण कळेना.

"मला करून दाखव," सासूबाई म्हणाल्या. त्यांची उभी हयात पोस्टात टपाल लावण्यात गेली होती.

जेवणाच्या टेबलावर आठ चिठ्ठ्या गोल मांडल्या, मधोमध नंबर घातलेले आठ डबे. प्रत्येकीवर एका डब्याचा नंबर. चिठ्ठीला कपड्यांचा चिमटा असला, तर सासूबाईंची पाळी. नसला, तर सुनेची. सासूबाई झाल्या कार्ड. ठमी उंच खुर्चीतून खेळणं भिरकावणार; त्यांनी ते चिठ्ठीवरच्या डब्यात टाकायचं, चिमटा काढायचा आणि पुढच्या चिठ्ठीकडे सरकायचं. सुनेनं भरलेला डबा उचलून रिकामा करायचा, चिठ्ठीवर रिकाम्या डब्याचा नंबर लिहायचा, पुन्हा चिमटा लावायचा.

ठमीला मोकळं रानच मिळालं. खुळखुळा, चमचा, बाबांचा मोजा! चिमटे संपले तसे सासूबाईंनी हात मागे बांधले आणि कापडी अस्वल त्यांच्या पायाशी आपटलं.

"अहो आई, झेला ना!"

"चिमटा नाही. पडू दे."

"निदान ओरडायचं तरी!"

"ओरडणं माझ्या कामात येत नाही. तू हात चालव."

सून घाईघाईनं चिमटेच लावत सुटली. नंबर काय, मागाहून लिहिता येतील. इकडे घरातली सगळी भांडी खेळात गुंतलेली, म्हणून नवऱ्यानं नुकताच रिकामा झालेला तीन नंबरचा डबा नेऊन त्यातच चहा ठेवला.

सासूबाई रबरी बदक घेऊन चिठ्ठीपाशी आल्या. चिमटा होता. नंबर तीन होता. तीन टेबलावर नव्हता, तेव्हा त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

डुबुक!

"अगं आई, माझा चहा!"

"तीन नंबर."

"उकळतोय तो!"

"मी चिठ्ठी वाचते. डब्यात डोकावत नाही. काय ते चिठ्ठी लिहिणारीला विचार."

सुनेनं चिठ्ठीवर राहून गेलेला जुना तीन पेनानं खोडला. नंबर आधी, चिमटा नंतर. तिच्या प्रोग्राममध्येही चिमटाच आधी लागत होता!

ती धावली. दोन ओळींची अदलाबदल केली. पाऊण तास चाचणी चालली, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पावणेचारला साहेबांचा फोन आला, "जायची गरज नाही."

ठमीनं खुर्चीतून दोन्ही हात पसरले.

"आई, काढा ना तिला."

सासूबाईंनी टेबलावर नजर फिरवली. "चिमटा नाही."

सुनेनं एक चिठ्ठी ओढली, आधी लिहिलं, 'ठमीच्या आईची मांडी', शाई वाळेपर्यंत थांबली आणि मगच चिमटा लावला. सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, ठमीला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं, चिमटा काढला आणि पुढच्या चिठ्ठीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.