हीटरची गार हवा

"हीटर गार हवा फेकतोय," हिल्मीबाबा तीन हिवाळे सांगत होते. "गाडी ठणठणीत आहे बाबा, तुमचं वय झालंय," मुलगा नादिर हसून म्हणायचा. शेवटी बाबांनी शुक्रवारी गाडीने समुद्रावर चहाला जाणंच सोडलं.

आज अलेक्झांड्रियातल्या घरासमोर नादिरने जुन्या फियाटचं इंजिन उघडलं. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. तो नसला की इंजिनातलं पाणी पुरेसं तापत नाही, आणि हीटरला ऊब मिळते ती त्याच पाण्याची. उन्हाळ्यात इंजिन फार तापू नये म्हणून इथे सगळेच तो काढून टाकतात. नादिरनेही काढला होता आणि परत बसवायला विसरला होता.

नवा बसवल्यावर गरम हवा आली. बाबांनी जाळीसमोर तळवे धरले.

"कुठल्या गाढवाने काढला होता रे?"

"मीच, बाबा."

"म्हणजे माझं वय झालं नव्हतं," बाबा हळूच म्हणाले.

नादिरला त्यांच्याकडे बघवेना.