डावी बाजू खाली

चौथ्या सकाळीही गाडी डाव्या अंगावर बसलेलीच होती. उस्तादांनी मागच्या दारातून ते पाहिलं आणि जवळ जायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. नळाशेजारच्या दगडावर टेकले. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं, आणि हे उस्तादांच्या बाबतीत म्हणजे फारच झालं, कारण राग हा त्यांचा एकच व्यायाम होता.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढली, तिथे चिकटलेलं ते. निवृत्त झाल्यावर वर्कशॉप सुटलं, उस्ताद सुटलं नाही. दूधवालाही उस्तादच म्हणायचा. एक बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची, आणि तिच्या त्या एका ‘अहो’चे पंधरा अर्थ होते.

गाडी म्हणजे मोटारहोम. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, इवलासा फ्रीज. मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना रबराचे जाडजूड फुगे असतात, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि त्या हवेवर अख्खा संसार तोलला जातो. एका फुग्यातली हवा गेली की घर त्या बाजूला कलतं. आत कपात चहा ओतला तर एकीकडून सांडतो आणि दुसरीकडून कप रिकामा दिसतो. तशी ही गाडी मंगळवारपासून रोज सकाळी चार बोटं डावीकडे कललेली सापडत होती.

एरवी कलली असती तर कलू दे म्हटलं असतं. पण जायचं होतं बायकोच्या ताईकडे. ताई दोन दिवसांच्या रस्त्यावर. डॉक्टरांनी तिला ‘घरी न्या’ म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते कुणी कुणाला समजावून सांगत बसलं नव्हतं. रेल्वे तिथवर जात नाही. बसमध्ये बसायचं तर बायकोच्या कमरेचा मणका असा, की पंधरा मिनिटं बसली की डोळ्यांपुढे अंधारी. आडवं पडूनच जायला हवं. म्हणजे ही गाडी, नाहीतर काही नाही.

आणि फुगा गळत असताना निघायचं कसं? रस्त्यात डोंगर. कॉम्प्रेसर अखंड चालून जळाला आणि उतारावर गाडी एका अंगाला बसली, तर ताई राहिली बाजूला, आपणच आधी पोचायचो वर. हे त्यांनी बायकोला मंगळवारी सांगितलं, बुधवारी सांगितलं. गुरुवारी सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, “पाठ झालंय मला.”

ती मंगळवारपासून गाडीतच होती. उशी, औषधं, ताईसाठी विणलेला स्वेटर, सगळं घेऊन मागच्या पलंगावर आडवी झाली होती. “आता उतरायचं ते ताईच्याच दारात,” असं तिने जाहीर केलं होतं. आंघोळीपुरती घरात यायची, की परत वर. कललेल्या पलंगावर भिंतीकडे घरंगळू नये म्हणून कडेला गुंडाळलेली गोधडी लावायची. उस्ताद जेवणाचं ताट वर नेऊन द्यायचे आणि तिची नजर चुकवायचे.

दोष कुणाचा याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोष गॅरेजवाल्याचा. हा गॅरेजवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा, टकला, स्वतःचं मोठं गॅरेज असलेला. पूर्वी डावा फुगा आठवड्याभरात हळूहळू बसायचा. एवढ्या लांब जायचं म्हणून सोमवारी गाडी त्याच्याकडे नेली, त्याने नवा फुगा बसवला, गाडी सरळ उभी राहिली. आणि मंगळवारी सकाळी? आठवड्याचं काम एका रात्रीत! याला दुरुस्ती म्हणायचं?

फोनवर त्यांनी त्याची खरडपट्टी काढली. तो बिचारा म्हणाला, “उस्ताद, मी फक्त फुगा बदललाय. पाइपांना हात लावलेला नाही. तुम्ही नंतर काही उघडलंत का?”

“मला विचारतोस?” उस्ताद गरजले. “मी फक्त तपासलं!” आणि फोन ठेवून दिला.

आता हे ‘तपासलं’ काय ते सांगायला हवं. उस्तादांची एक जुनी खोड होती. दुसऱ्याने केलेल्या कामावर स्वतःचा हात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायकोने पिशवीला मारलेली गाठ ते सोडून पुन्हा मारायचे. तिने बंद केलेला गॅस उघडून पुन्हा बंद करायचे. “माझ्या वेणीची गाठ तेवढी सोडत नाही तुम्ही, उपकार झाले,” असं ती म्हणायची. सोमवारी संध्याकाळी, गाडी गॅरेजमधून आल्या आल्या, उस्ताद बॅटरी घेऊन खाली शिरले होते. नव्या फुग्याचे बोल्ट आवळले. मग वरच्या बाजूला, जिथे एका सांध्यातून तीन बारीक प्लॅस्टिकचे पाइप फुटतात, तिथले तिन्ही पाइप पकडीने ओढून काढले, टोकं पाहिली, पुसली, पुन्हा आत दाबली. डेपोतल्या बसगाड्यांना पितळी नटांचे सांधे असत. ते दहादा उघडा, दहादा आवळा, जास्तच घट्ट बसत. त्या समाधानात ते त्या रात्री गाढ झोपले.

पुढचे तीन दिवस त्यांनी गाडीचं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. दाढीच्या जुन्या ब्रशने साबणाचं पाणी लावत गेले. गळती असेल तिथे बुडबुडे येतात, साधी गोष्ट. नवा फुगा वरून, खालून, घडीघडीत, त्याचे बोल्ट, कॉम्प्रेसरचं तोंड, टाकी. कुठेच बुडबुडा नाही. तीन पाइपांचा तो सांधा तेवढा त्यांनी वगळला. वगळला असंही नाही, त्यांच्या ते मनातच आलं नाही. तो त्यांनी स्वतः बसवला होता.

शिवाय त्यांचे कान होते की. डेपोत सगळी इंजिनं बंद करायला लावून उस्ताद डोळे मिटून उभे राहायचे आणि दहा पावलांवरून बोट दाखवायचे, “ती तिसरी गाडी, मागचं उजवं.” बरोबर तिथेच हवा फुसफुसत असायची. आताही ते रोज गाडीखाली उताणे पडून श्वास रोखून ऐकत होते. काही नाही. म्हणजे पाइप ठीक. म्हणजे फुग्याचं रबरच सडकं दिलंय लेकाने.

बायकोने मंगळवारीच सांगितलं होतं. “अहो, सूं सूं आवाज येतोय.”

“फ्रीज आहे तो,” उस्ताद म्हणाले होते.

बुधवारी तिने पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी हेच केलंय. फ्रीज आहे.” मग तिने सांगायचं बंद केलं.

रोज सकाळी ताईच्या मुलीचा फोन यायचा. “मावशी, आई विचारतेय, निघालात का?” बायको म्हणायची, “निघतोच आहोत गं. थोडं काम राहिलंय गाडीचं.” मग ताई स्वतः दोन शब्द बोलायची. तिला धाप लागायची, तरी बोलायची. गुरुवारी म्हणाली होती, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, एवढी तपासू नको. मी काय पळून चाललेय?” आणि दोघी बहिणी हसल्या होत्या.

तर आज शुक्रवार. उस्ताद दगडावर बसलेले असतानाच गाडीत फोन वाजला. बायकोचं बोलणं त्यांना तुटक तुटक ऐकू आलं. नेहमीसारखं ‘निघतोच आहोत’ आलं नाही. ते उठून दाराशी गेले.

“काय म्हणतेय भाची?”

बायको पलंगावर गोधडीला टेकून पडली होती. फोन छातीवर उलटा ठेवला होता. “मीच विचारलं, ताई काय म्हणतेय. तर म्हणाली, मावशी, आई आता विचारत नाही.”

उस्ताद एक पायरी वर चढले.

“काल दुपारपासून डोळेच मिटून आहे,” बायको म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “फ्रीज मी परवाच बंद केलाय.”

“काय?”

“फ्रीज. बंद आहे तो परवापासून. दूध नासलं, हवं तर वास घ्या. आवाज येतोच आहे.”

उस्ताद तिथेच उभे राहिले. त्यांनी कान दिला. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं, ते ऐकू आलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता; टिकटिक मात्र ऐकू येत नव्हती. ती कधीपासून येत नाही, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

“कुठून येतो?” त्यांनी विचारलं. आपल्याला माहीत नसलेलं काही त्यांनी बायकोला लग्नापासून पहिल्यांदाच विचारलं असेल.

“तुम्ही खाली जा. मी दाखवते.”

ते ब्रश आणि साबणाची वाटी घेऊन खाली सरपटले. वर बायकोने चमच्याने फळीवर ठोकलं. ते ऐकू आलं. थोडं सरकले. पुन्हा ठोकलं. “इथे!” ती ओरडली. “बरोबर माझ्या उशीखाली!” त्यांनी वर पाहिलं. समोर तीन पाइपांचा तो सांधा होता.

ब्रश टेकवायचा अवकाश, मधल्या पाइपाच्या कडेने बुडबुडे भराभर फुगायला लागले. नाकापासून वीतभर अंतरावर हवा बाहेर पडत होती, गालाला तिचा गार स्पर्शही जाणवत होता, आणि उस्तादांच्या कानांत मात्र चिडीचूप.

त्यांनी हवा सोडली आणि पाइप काढून बॅटरीच्या उजेडात धरला. टोकाला गोल ओरखडा, वर पकडीच्या दातांची खूण. त्यांच्याच पकडीच्या. हे प्लॅस्टिकचे सांधे असतात वेगळे. पाइप आत गेला की दाते त्याला धरतात. ओढून काढला की त्याला ओरखडे पडतात. मग टोक सरळ कापूनच पुन्हा बसवावा लागतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हात चाळीस वर्षांच्या सवयीचा होता आणि त्याने पितळेचंच काम केलं होतं.

ते तसेच पडून राहिले. गॅरेजवाल्याचं काम चोख होतं. मंगळवारची सकाळ, बुधवारची, गुरुवारची, सगळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने गमावल्या होत्या. तेही काम बिघडलं म्हणून नव्हे, नीट झालेलं बघवलं नाही म्हणून.

मग त्यांनी ब्लेडने तिन्ही पाइपांची बोटभर टोकं सरळ कापली, शेवटपर्यंत आत दाबली, ओढून पाहिली. दहा मिनिटांचं काम. कॉम्प्रेसर चालू केला. गाडी सावकाश उठली, सरळ झाली.

“आवाज?” त्यांनी खालूनच विचारलं.

वर तिने उशी सारून फळीला कान लावला. “थांबला,” ती म्हणाली.

बाहेर येऊन त्यांनी आधी गॅरेजवाल्याला फोन लावला. “पाइप मीच काढले होते,” ते म्हणाले.

“मी मंगळवारीच ओळखलं होतं, उस्ताद.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो की. तुम्ही फोन ठेवलात.”

बायकोला सांगणं अवघड होतं. ते पलंगाच्या कडेवर बसले. हात साबणाने बुळबुळीत झाले होते, ते पुसत राहिले. “मी केलं ते,” म्हणाले. “सोमवारी. तपासताना. नाहीतर मंगळवारीच निघालो असतो.”

ती छताकडे बघत होती. मनातल्या मनात दिवस मोजत होती, ते त्यांना दिसलं.

“बुधवारी रात्री पोचलो असतो,” ती म्हणाली. “गुरुवारी ती बोलत होती.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उस्तादांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तिने हात लांब करून त्यांच्या शर्टाला लागलेला साबणाचा फेस पुसला.

रीतीप्रमाणे एक रात्र गाडी उभी ठेवून सकाळी ती किती बसलीय ते पुन्हा मोजायला हवं होतं. त्यांचा जीव तेच सांगत होता. किमान खाली जाऊन त्या सांध्यावर एकदा हात तरी फिरवावा.

“आवाज नाहीये,” बायको म्हणाली. “चला.”

ते गेले आणि स्टिअरिंगवर बसले.

दुपारपर्यंत शहर मागे पडलं. उस्ताद दर थोड्या वेळाने मागे ओरडून विचारत, “येतोय का काही?” आणि ती म्हणे, “नाही.” तेवढ्यावर ते पुढे जात राहिले. डोंगर लागायच्या आधी तिने गाडी थांबवायला सांगितली. त्यांनी कडेला घेतली. ती भिंतीला धरत धरत पुढे आली, कानाला फोन.

“भाचीने फोन तिच्या तोंडाशी धरलाय,” ती कुजबुजली. “मी सांगितलं तिला, निघालो म्हणून. ऐका, श्वास घेतेय.” आणि फोन तिने त्यांच्या कानाला लावला.

उस्तादांनी डोळे मिटले. डेपोत मिटायचे तसे. काही नव्हतं. पलीकडे काहीच नव्हतं. चाळीस वर्षं असे डोळे मिटले की ऐकू यायचं आणि मान हलायची, आताही सवयीने मान हलायला निघाली होती.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “तू ऐक. आहे का, सांग मला.”

तिने फोन परत कानाला घेतला. दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा धरून उभी राहिली. बाजूने एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. मग पुन्हा ऐकलं.

“आहे,” ती म्हणाली. “चालवा.”