त्रेचाळिसावं घर

रामवाडीला हायवे ओलांडायला मला एकोणीस सेकंद लागतात. किमयाला एकतीस. हात धरून चाललो तर अठ्ठावीस, कारण मग मी तिला जवळजवळ उचलूनच नेते. हे मी मोबाईलवर मोजलंय, एकदा नाही, सलग आठ दिवस. प्रविण म्हणाला, "बी.एस्सी. करून हेच शिकलीस काय गो?" त्याला हसू येतं. तो सकाळच्या शिफ्टला डोलवीला निघून जातो, रस्ता माझ्या वाट्याला येतो.

आमची बिल्डिंग रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. सोळा जूनपासून किमया पहिलीत जाणार होती. एप्रिलमध्ये प्रवेशाचे कागद द्यायला निघालो, तर भर रस्त्यात तिची चप्पल सुटली. ती घ्यायला वाकली आणि एक डंपर आमच्या इतक्या जवळून गेला की माझी ओढणी त्याच्या वाऱ्यानं तोंडावर आली. ती चप्पल तिथेच राहिली. मला परत जाऊन ती आणायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून डोक्यात एकच तारीख: सोळा जून.

शेवटी मी अर्ज लिहिला. विषय, रामवाडी येथे भुयारी मार्ग मिळणेबाबत. माझं सगळं काम नीटनेटकं असतं. लोक अर्जावर एकाच घरातल्या पाचजणांच्या सह्या घेतात आणि मग कोणी खरं मानत नाही. म्हणून मी ठरवलं, एका घराची एकच सही. रकाने आखले, नावं घेतली, प्रत्येकाच्या समोर उभी राहून सही घेतली. पहिलं नाव माझं, नूतन. सातवं सायराभाभीचं. तिचा नवरा इद्रीस कुवेतला असतो आणि त्यांची सफा किमयाच्याच वर्गात जाणार होती. "घरातला पुरुष नाय, माझी सही चालंल ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, न चालायला काय झालं? अशी बेचाळीस घरं झाली.

अर्ज द्यायचा होता पुतळीताईंना. आमच्या आमदार. सोमवारी त्या पेणला बसतात, शुक्रवारी रोह्याला. त्यांच्या मागे आम्ही सगळे त्यांना अगंतुगंच करतो, म्हणजे प्रेमानं. मिठागरात डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिलेली बाई. खारशेतची सरपंच झाली, मग जिल्हा परिषदेत गेली, विधानसभेला एकदा सपाटून पडली, पुढे लागोपाठ दोनदा निवडून आली. मधे एकदा पक्ष बदलला, तेव्हा माझ्या सासूबाईंनी महिनाभर तिच्या नावानं बोटं मोडली. पण त्याच सासूबाई सांगतात, की पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळी टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. कोणाला दाखवायला नाही. घरात पाणी नव्हतं म्हणून.

पेणच्या सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. माझं माहेर वरसे, त्यामुळे मी शुक्रवारी आईकडे गेले आणि किमयाला घेऊन रोह्याचं कार्यालय गाठलं. तासाभरानं आमचा नंबर आला.

"कनची गो तू?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"माहेर वरशाचं, ताई. दिली रामवाडीला."

"आन ही?"

"किमया."

"किमया करायला मंत्री लागतो बाय, मी नुसती आमदार हाय." शेजारी उभा असलेला त्यांचा मदतनीस हरेश हसला. त्यानं हा विनोद कितव्यांदा ऐकला असेल कोण जाणे, प्रत्येक नावावर ताईंचा एक विनोद असतोच.

त्यांनी अर्ज वाचला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "नाय होत."

इतर पुढारी 'बघू' म्हणतात. 'बघू' घेऊन माणूस खूश होऊन घरी जातो आणि दोन वर्षांनी त्याला कळतं. ताईंचं 'नाय' तिथल्या तिथे असतं. त्याबद्दल मी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि मांडीवर पोर घेऊन ते अंगावर घेणं वेगळं. माझे डोळे भरून आले.

"रडू नको. मी लक्षवेधी टाकीन, अधिवेशनात विचारीन, सोडणार नाय. पण रस्ता केंद्राचा, कागद दिल्लीपोत जाईल. तुझी पोर शाळेत कवा जाणार?"

"सोळा जूनला."

"मग सोळा जूनला भुयार नाय होत. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी पान उलटलं आणि यादीवर आल्या. आणि काय झालं कोण जाणे, त्यांचा चेहराच बदलला. बोट एकेका नावावरून खाली जायला लागलं.

"एका घराचं एकच नाव?"

"हो ताई." मला वाटलं, निदान माझ्या टापटिपीचं तरी कौतुक होतंय.

"सगल्यांनी आपल्या हातानं सही केली?"

"मी समोर उभी राहून घेतली."

"आगो, मग अर्ज कशाला लिवलास?" त्या एकदम खुलल्या. "हरेश, लिवून घे. रामवाडीची जोळ लागली. बेचाळीस घरं. पोलिसांना सांगून एक होमगार्ड, दोन शिट्ट्या, लाल झेंडे."

मला काही कळलं नाही, पण आमदार खूश झाल्या तर मान हलवायची एवढं मला कळत होतं. मी मान हलवली. ताईंनी माझं पेन मागून घेतलं आणि यादीच्या शेवटी, माझ्या सरळ रकान्यांत, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: त्रेचाळीस, पुतळी. "माझं बी घर आता रामवाडीतच हाय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी प्रविणला सांगितलं तर तो हसून हसून पलंगावर आडवा. तो खारशेतचा. तिथे खाडीचा बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं आणि तीन वर्षं भात होत नाही. म्हणून प्रत्येक घरातून एक माणूस चिखल टाकायला बांधावर हजर व्हायचा, ती जोळ. आणि जोळीची यादी कशी असते? एका घराचं एक नाव.

"म्हणजे तू बेचाळीस घरांना कामाला जुंपलंस," प्रविण म्हणाला. "सहीनिशी!"

आमच्या वरशाला असलं काही नाही. मला कसं कळणार?

तोवर बिल्डिंगच्या ग्रुपवर हरेशचा मेसेज येऊन पडला होता. रोज दोन घरं, रस्त्याच्या दोन बाजूंना एकेक माणूस, शाळा भरताना आणि सुटताना. खाली यादी, क्रमानं. आणि त्याच्याखाली बिल्डिंगचा राग. जनूभाऊ म्हणून आमच्याकडे निवृत्त तलाठी आहेत, नंबर बाराचे. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आम्ही भुयारासाठी सही दिली. झेंडा धरण्यासाठी नव्हे. ही फसवणूक आहे." त्याला एकोणीस अंगठे.

मी हरेशला फोन केला, चूक झाली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मला नका सांगू वहिनी. ताई सोमवारी येतायत तिकडं."

सोमवारी ताई खरंच आल्या. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, चहाला नको म्हणाल्या आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी किमयाची वेणी तीनदा सोडून तीनदा घातली.

सायराभाभीच पहिली नीट बोलली. "ताई, आमच्याकडं पुरुष माणूस नाय. जोळीला बाई चालते काय?"

"मी सोळा वर्सांची होते," ताई म्हणाल्या. "बाचा पाय मोडलेला. बांध फुटला, पुकारा झाला. आमच्या घरातनं कोण जाणार? मी साडी खोचली न् गेले. गावचा पंच बोलला, बाय नाय चालत. मी बोलले, मग पाणी आमचं शेत सोडून जाईल काय? मी चिखलात उतरले. झालं माझं राजकारण चालू. त्याच्याम्होरं निवडणुका आल्या, आधी ते." मग सायराभाभीला म्हणाल्या, "तू ये. झेंडा जड नसतो."

जनूभाऊ इतक्यानं विरघळणारे नव्हेत. "ते सगळं ठीक. पण त्रेचाळिसावा नंबर येईल तेव्हा तुम्ही मुंबईत. आम्ही उन्हापावसात आणि तुमचं नाव यादीत शोभेला!"

ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं आता त्या चिडणार. चिडल्याच. "जनूभाऊ, जो जोळीला येत नाय त्याचं काय करायचं ते म्हाइत हाय तुमाला? बांधावर उभं राहून त्याचं नाव तीनदा पुकारायचं. सगल्या गावानं ऐकायचं. मी नाय आले तर तुमी पुकारा. मोठ्यानं पुकारा."

"पुकारीन," जनूभाऊ म्हणाले.

सोळा जूनला मी पहिल्या नंबरची म्हणून अलीकडे उभी राहिले आणि दोन नंबरवाले पलीकडे. होमगार्डनं शिट्टी मारली, आम्ही झेंडे आडवे केले आणि मला खरं वाटेना, ट्रेलर थांबला. मग दुसरा. पोरं ओळीनं गेली. मी मात्र किमयाचा हात सोडला नाही. झेंडा डाव्या हातात, उजव्यात ती. पलीकडे पोचवून धावत परत आले. पुढच्या दिवसांतही, पाळी कोणाचीही असो, मी तिच्याबरोबर जातच होते. सायराभाभीची सफा एकटी ओळीत जायची आणि वळून किमयाला जीभ दाखवायची.

लोक कुरकुरत आले, पण आले. जनूभाऊंनी आपल्या पाळीला इस्त्रीचा शर्ट घातला आणि एका कारवाल्याला असं झापलं की तो खाली उतरून सॉरी म्हणाला.

बेचाळीस घरं एकविसाव्या दिवशी संपली. बाविसाव्या दिवशी नंबर त्रेचाळीस आणि फेरी पुन्हा सुरू म्हणून नंबर एक. म्हणजे ताई आणि मी. आणि नेमका त्याच दिवशी अधिवेशनात ताईंच्या लक्षवेधीचा नंबर लागलेला, पेपरात आलं होतं. त्या मुंबईत आदल्या दिवसापासूनच असणार. त्यांच्या जागी उभा राहा म्हणून मी प्रविणला रजा टाकायला सांगितली. त्याला मिळाली नाही.

सकाळी पाऊस होता. मी पोरांना घेऊन अलीकडे उभी राहिले. ताईंची पांढरी गाडी कुठे दिसते का पाहत होते. नव्हती. पलीकडे नुसती नारंगी रेनकोट घातलेली कोणीतरी बाई, होमगार्डशी बोलत उभी. जनूभाऊ छत्री घेऊन माझ्या शेजारी आले. त्यांची पाळी नव्हती. कशाला आलेत ते मला कळलं आणि वाईट वाटलं. खरंच वाटलं. मला त्या बाईचं नाव असं पुकारलेलं ऐकायचं नव्हतं.

घड्याळ बघून जनूभाऊंनी घसा साफ केला. "पुतळीताई!"

"ओऽऽ!" पलीकडून आवाज आला. रेनकोटची टोपी मागे पडली. "पाऊण तास झाला उभी हाय इथं. तुमचीच वाट बघतेय!"

साडी गुडघ्याच्या खाली खोचलेली, पायात रबरी चपला, हातात झेंडा. जनूभाऊंनी छत्री मिटली. भर पावसात का मिटली ते त्यांनाच माहीत.

शिट्टी झाली. अलीकडच्या गाड्या मी अडवल्या, पलीकडच्या ताईंनी. ओळ निघाली. मी नेहमीसारखी किमयाबरोबर पाऊल उचललं, तर ताई ओरडल्या, "नूतन! जागा सोडू नको. तू हाललीस तर तिकडच्या गाड्या कोण धरणार?"

त्यांचं बरोबर होतं. होमगार्ड मधे, या बाजूचा झेंडा फक्त माझ्या हातात होता. माझ्यापुढे ट्रेलरचं इंजिन गुरगुरत होतं. मी किमयाकडे पाहिलं. मग तिचा हात सोडला.

"पलीकडच्या झेंडेवाल्या आजीकडे बघत जा. चप्पल सुटली तरी थांबायचं नाही."

ती गेली. मी मोजत होते, तोंडातल्या तोंडात. चौदाला ती मधल्या पट्ट्यावर होती. ताई झेंडा तसाच आडवा ठेवून वाकल्या होत्या, दुसरा हात पुढे करून. सव्वीसला किमयानं तो हात धरला. ताई तिला काहीतरी म्हणाल्या आणि ती हसली. मला इकडे ऐकू आलं नाही.

शेवटचं पोर गेल्यावर ताई माझ्याकडे आल्या. हरेश कुठूनतरी गाडी घेऊन हजर झाला होता, दाराशी कोरडी साडी घेऊन.

"ताई," मी विचारलंच, "तुम्हाला तेव्हा खरंच जोळीची यादी वाटली होती?"

"तू एका घराचं एक नाव लिवलंस," त्या म्हणाल्या, "मी वाचलं." आणि गाडीत बसल्या.

दुपारी मोबाईलवर त्यांचं भाषण पाहिलं. मंत्री म्हणाले, तपासून पाहू. ताई म्हणाल्या, "तपासायला माझ्यासंगं रामवाडीला या. सकाळी पावणेसातला. झेंडा मी देते." सभागृह हसलं. त्या हसल्या नाहीत.

भुयार अजून नाही. दोन्ही बाजूंना लाल दिवे लागलेत आणि गतिरोधक पडलेत. यादी एकसष्टवर गेलीय. शाळा सुटताना उभं राहायला आता जनूभाऊ पाळी नसतानाही येतात.

किमयाला सव्वीस सेकंद लागतात. मी मोजते अजून, पण माझ्या जागेवरून.