एकही भाग बदललेला नाही

गिटार विकायची जाहिरात बायकोने लिहिली. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला खोटं लिहवत नाही. 'पंधरा वर्षं एकाच हातात. एकही भाग बदललेला नाही.'

दुसरं वाक्य म्हणजे तिचा माझ्यावरचा विश्वास. प्रत्यक्षात तारांची थरथर पकडून स्पीकरपर्यंत पोचवणारे पिकअप मी बदलले होते. किंमत गिटारीच्या दुप्पट. घरात जुनाच फ्रिज अजून एक उन्हाळा काढेल, असं मी तिला पटवलं, त्याच वर्षी. मी विमा कंपनीत असतो. लोकांच्या अर्जांतली खोटी वाक्यं शोधायचा मला पगार मिळतो.

सुटका सोपी होती. मूळ पिकअप माळ्यावर बुटांच्या खोक्यात जपून ठेवले होते. ते परत बसवले की जाहिरात खरी. पण तेवढ्यात, शनिवारी, गिटारीच्या शिकवण्या घेणारे एक मास्तर येऊन वाजवून गेले. "आवाज बघा कसा खणखणीत! हाच हवा," म्हणाले आणि इसार ठेवून गेले.

म्हणजे पिकअप काढले तर मास्तरांना आवाजातला फरक लगेच कळणार. ठेवले तर ते घरी जाऊन गिटार उघडणार आणि फोन बायकोला करणार, कारण जाहिरातीत नंबर तिचा. शेवटी हिशेब केला : मास्तरांबरोबर मला संसार करायचा नव्हता.

गिटार न्यायला ते पाचला येणार होते. चारला मी गिटार आणि बुटांचं खोकं घेऊन बाथरूममध्ये शिरलो. आमच्या घरात कडी लागणारं दार तेवढं एकच. एक पिकअप सोडवला, दुसरा वायरला लोंबकळत होता, आणि बेल वाजली.

"अहो, मास्तर लवकर आलेत. गिटार कुठाय?"

"अंघोळ करतोय."

"गिटारीसकट? आणि हा जळका वास कसला?"

माझ्या एका हातात तापलेली सोल्डरिंग गन होती. खिडकीला गज होते. मी कडी काढली.

मास्तर तिच्या खांद्यावरून डोकावले. "अरे, हे पिकअप! म्हणूनच! वहिनी, अहो, नुसती ही जोडी केवढ्याला पडते माहितीये?" आणि भल्या माणसाने आकडा सांगितला.

बायकोने माझ्याकडे बघितलं. वर्गात कोणी परीक्षानळी फोडली की ती अशीच बघत असणार. मग आत जाऊन तिने मास्तरांचा इसार आणून त्यांच्या हातात ठेवला.

"माफ करा मास्तर, विकायची नाही."

मला तीन सेकंद फार बरं वाटलं.

"एवढं सामान घातलंय, म्हणजे वाजवायची हौस दांडगीच असणार," ती म्हणाली. "तुमच्याकडे शिकवणीला जागा आहे का?"

"अगं, माझी बोटं आता—"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," मास्तरांनी डायरी काढली. "बाकीची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत. चालेल ना?"

"पळेल. आणि उरलेल्या दिवशी घरी एक तास. माझ्यासमोर."

वाजवायची वेळ येऊ नये म्हणूनच मी इतकी वर्षं गिटार खोलत, जोडत बसलो होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण दोघं वेळ ठरवण्यात गुंतले होते.